गाठीचा शेजार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मला आकाशवाणीवर बोलावतात ते बहुधा कविता वाचायला. या खेपेला विषय मी मागून घेतला. कर्करोगाच्या गाठीवर बोलायचं आहे म्हणालो, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं आणि 'तुम्ही?' एवढंच विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. शास्त्राची आणि माझी सोयरीक दहावीलाच तुटली. पण घरात ही गाठ आली की माणसाला शिकावंच लागतं. मी शिकलो, पण उशिरा शिकलो.

आमचं घर छावणीत. छावणीचा गुरुवारचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बैल, म्हशी, शेरडं, आणि त्यांच्या कडेकडेनं बसलेले आमच्यासारखे लोक. माझे वडील तिथं जनावरांचा साज विकायचे. दावी, कासरे, वेसणी, मोरक्या, घुंगरमाळा. त्यांच्यामागे माझा थोरला भाऊ बसू लागला. मी पुस्तकं धरली, त्यानं कासरे धरले. माझ्या कॉलेजची फी त्या कासऱ्यांतून गेली. आम्ही त्याला भाईजान म्हणायचो, आणि बाजारातले शेतकरीही भाईजानच म्हणायचे.

भाईजानच्या गालात कायम सुपारी असायची. घरात अम्मीचं पानदान होतं, त्यामुळे सुपारीला कुणी व्यसन मानलंच नाही. पुढं पुड्या आल्या आणि सुपारीची जागा गुटख्यानं घेतली. मग केव्हातरी त्याला तिखट झोंबू लागलं. ठेच्याशिवाय न जेवणारा माणूस ठेचा बाजूला सारू लागला. नंतर घास लहान झाला. भाभी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली. हसताना त्याचं तोंड पूर्वीसारखं उघडत नाही हे आम्ही सगळे पाहत होतो, आणि वयाचं लक्षण समजत होतो. असं पंधरा वर्षं चाललं. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास डाव्या गालातला व्रण भरेना, तेव्हा कुठं तुकडा काढून तपासला.

शस्त्रक्रियेआधी त्याचा पेट स्कॅन झाला. या तपासणीत शिरेतून साखरेसारखं एक द्रव्य देतात. त्याच्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं असतं आणि त्याचं तेज दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ज्या पेशी साखर अधाशीपणे ओढतात त्या चित्रात उजळून दिसतात. आपल्या देशात ही सोय पहिल्यांदा २००२ साली मुंबईत, परळच्या विकिरण औषधी केंद्रात आली. चित्रात भाईजानचा डावा गाल दिव्यासारखा दिसत होता. ते चित्र पाहून घरात एकच वाक्य फिरू लागलं : ही गाठ साखर खाते. मोबाइलवर कुणी कुणी निरोप धाडले, साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. मला ते पटलं. कवीला उपमा पटली की पुरावा लागत नाही, हा आमच्या जातीचा दोष. घरातला शिकलेला माणूस मी, म्हणून हुकूमही मीच काढला. चहातली साखर बंद. खजूर बंद. फळं बंद.

२०२४ चा एप्रिल. शस्त्रक्रिया होऊन गेली होती, सहा आठवड्यांचे किरणोपचार नुकतेच संपले होते. तोंड आतून सोललेलं, लाळ आटलेली. फक्त पातळ पदार्थ घशाखाली उतरायचे. ९ तारखेला पाडवा होता. शेजारच्या काकूंनी दरवर्षीप्रमाणे साखरेची गाठी पाठवली, ती मी दारातूनच पोरांना वाटून टाकली. ११ ला ईद. ती त्या वर्षी गुरुवारी, बाजाराच्या वारीच आली. भाभीनं शीरखुर्मा केला होता. भाईजान नमाजेहून आलेल्या माणसांना बसल्या जागेवरून गळाभेट देत होता. सगळ्यांच्या हातांत वाट्या. त्यानं माझ्याकडे पाहून अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, म्हणजे इतकंसं. मग म्हणाला, "थोडा दूध तो दे रे, ऊपर ऊपर का." मी नाही म्हणालो. प्रेमानं नाही म्हणालो, याचा आता काही उपयोग नाही.

त्याचं वजन तोवर ६१ वरून ४७ किलोवर आलं होतं. सोमवारी फेरतपासणीला गेलो तेव्हा मी ही पथ्याची हकिगत जरा अभिमानानंच सांगितली. डॉक्टर तरुण होत्या, बीडकडच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही. पेशंट उपाशी राहतो."

त्या दिवशी ओपीडी संपल्यावर त्यांनी मला अर्धा तास दिला. नंतरही मी जात राहिलो, विचारत राहिलो. आज सांगतो आहे ते बरंचसं त्या अर्ध्या तासातून उगवलेलं आहे.

पेशी काय खाते, त्याचं काय करते आणि उरलेलं कुठं टाकते, या सगळ्या व्यवहाराला शास्त्रात चयापचय म्हणतात. निरोगी पेशी ग्लुकोज घेते आणि ऑक्सिजनच्या मदतीनं ते पुरतं जाळते. ग्लुकोजच्या एका रेणूतून तिला ऊर्जेचे तीसेक दाम मिळतात. ऑक्सिजन नसेल तर ती ग्लुकोज अर्धवटच मोडते, दोनच दाम मिळतात आणि लॅक्टिक आम्ल उरतं. जर्मनीत ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिलं की कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही हा दोन दामांचाच धंदा करतात, आणि म्हणून ढीगभर साखर ओढतात. त्याच काळात, १९२५ मध्ये, कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं एक साधा प्रयोग केला. एकाच कोंबडीचे दोन पंख. एका पंखात गाठ, दुसरा निरोगी. दोन्हींकडून परत येणारं रक्त तपासलं. गाठीकडून आलेल्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात काही झाकलेलं नाही.

वॉरबुर्ग यांना वाटलं की पेशीची ऑक्सिजनवर चालणारी भट्टीच बिघडलेली असते आणि तेच कर्करोगाचं मूळ. निरीक्षण खरं होतं, निदान बहुतांशी चुकलं. बऱ्याच गाठींत भट्टी शाबूत असते. पण वाढणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, नवी पेशी बांधायला मालही लागतो. घर बांधणारा सगळी लाकडं चुलीत घालत नाही, काही वाशांसाठी ठेवतो, तसं काहीसं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग साखर तोडण्यात चुकलं काय? दोन गोष्टी चुकल्या. पहिली शरीराची. रक्तातली साखर डब्यातून मोजून येत नाही. उपाशीपोटीसुद्धा शरीर ती दर डेसीलिटरला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅमवर धरून ठेवतं, कारण मेंदूला ती लागते. बाहेरून आली नाही तर यकृत ती तयार करतं, आणि त्यासाठी अंगावरचं मांस मोडतं. म्हणजे मी चमचाभर साखर वाचवत होतो, तेव्हा भाईजानच्या दंडातून आणि मांडीतून ती निघत होती. गाठीला तिचा हिस्सा मिळतच होता. (मधुमेह असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचंच पथ्य पाळावं. मी सांगतो ती निरोपावरून साखर तोडणाऱ्यांची गोष्ट.)

दुसरी चूक अधिक खोल होती. मी गाठ म्हणजे एकटा राक्षस समजत होतो. डॉक्टर म्हणाल्या, गाठ हा राक्षस नाही, मोहल्ला आहे.

त्यात कर्करोगाच्या पेशी असतातच. पण त्यांच्या शेजारी धागे विणणाऱ्या पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, चरबी असते, आणि शरीराच्या पहाऱ्यावरच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात. कोण काय खाईल हे त्या मोहल्ल्यात ठरतं. शेजार बदलला की त्याच पेशीचं खाणं बदलतं.

आपल्या शहराचा माणूस ही गोष्ट चटकन समजेल. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली ती पाण्याचा विचार करून. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी त्यानं जमिनीखालच्या नहरीतून शहरभर फिरवलं. निरोगी अवयवाचं तसंच असतं. कुठलीही पेशी रक्ताच्या बारीक वाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याहून फारशी लांब नसते, कारण ऑक्सिजन त्यापलीकडं झिरपत पोचत नाही. गाठ मात्र आराखड्याविना वाढलेल्या वसाहतीसारखी असते. माणसं आधी येतात, नळ नंतर. अमेरिकेतल्या ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की गाठ स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या बोलावून घेते. त्या येतातही, पण वाकड्यातिकड्या, गळक्या, काही तर पुढं बंद. नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते आपण मोजणारे लोक, त्यामुळे यापुढचं सांगायला नको. वाहिनीजवळच्या पेशींची चंगळ, आणि टोकाच्या पेशींच्या हंड्यात थेंब नाही.

लंडनच्या टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले होते. वाहिनीपासून ठराविक अंतरापर्यंत पेशी जिवंत, त्यापलीकडं मेलेल्या. या दोहोंच्या सीमेवर काही पेशी जेमतेम ऑक्सिजनवर तग धरून असतात. त्यांच्यात एक प्रथिन टिकून राहतं, त्याचं छोटं नाव हिफ. एरवी पेशी ते बनवते आणि मिनिटांत मोडून टाकते, पण मोडायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन आटला की हिफ साचतं आणि मोहल्ल्याचे कायदेच बदलतं. साखर आत घेणारे दरवाजे वाढव, लॅक्टिक आम्ल बाहेर फेक, नव्या वाहिन्यांना हाक मार. पेशींना ऑक्सिजनची टंचाई कशी कळते या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

आता या मोहल्ल्याचा बाजार बघा. लांबच्या उपाशी पेशी जे लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, ते वाया जात नाही. वाहिनीजवळच्या, ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी तेच इंधन म्हणून जाळू शकतात. म्हणजे त्यांना साखर कमी लागते आणि ती पुढं लांबच्यांना सरकते. उंदरांवरच्या प्रयोगांत हा सौदा २००८ मध्ये दिसला. पुढं माणसाच्या फुप्फुसातल्या गाठीही लॅक्टेट खातात हे दिसून आलं. आमच्या गुरुवारच्या बाजारात एकाच्या शेतातला कडबा दुसऱ्याच्या गोठ्यात जातो, तसाच हा व्यवहार. ग्लुटामिन नावाचं प्रथिनातलं घटकद्रव्यही या पेशी मजेत खातात. एका दुकानाला कुलूप लावून बाजार बंद पडत नाही, हे बाजारात बसणाऱ्या माणसाच्या धाकट्या भावाला कळायला हवं होतं.

आणि एक धक्का. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या गाठी उकलून, पेशी वेगवेगळ्या करून, कोण किती साखर घेतं ते मोजलं. दर पेशीमागे सर्वांत जास्त साखर घेणारी मंडळी कर्करोगाच्या पेशी नव्हत्याच. ती होती गाठीत शिरलेल्या प्रतिकारशक्तीच्या काही पेशी. कर्करोगाच्या पेशी ग्लुटामिनवर अधिक ताव मारत होत्या. हे उंदरांतलं आहे, सगळ्या गाठींना लावू नये. पण भाईजानच्या गालातला तो दिवा मला तेव्हापासून वेगळा दिसायला लागला. तो एकट्या चोराच्या घरचा नव्हता. गल्लीतल्या पहारेकऱ्यांची चूलही त्यात पेटलेली असणार.

या पहारेकऱ्यांचे हाल वेगळे. टी पेशी नावाच्या शिपायांना लढायला स्वतःलाच ग्लुकोज लागतं. गाठीच्या आंबट, लॅक्टिक आम्लानं भरलेल्या शेजारात त्या सुस्तावतात. वर कर्करोगाच्या पेशी त्यांना लगाम घालतात. हा लगाम सोडवणारी औषधं आता आहेत, पण महाग. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२२-२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नेहमीच्या गोळ्यांच्या उपचाराला अशा औषधाची अगदी छोटी मात्रा जोडली, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. प्रचलित मात्रेचा दहावा हिस्साही नाही. नुसत्या गोळ्यांवर एका वर्षानं १६.३ टक्के रुग्ण हयात होते, औषध जोडलेल्या गटात ४३.४ टक्के. हे औषध गाठीच्या पेशीला हातसुद्धा लावत नाही. शेजाऱ्याला सोडवतं.

ऑक्सिजनची टंचाई उपचारातही आडवी येते. किरणोपचाराचा मारा ऑक्सिजन असलेल्या पेशींवर नीट बसतो. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला जवळपास तिप्पट मात्रा लागते. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकापासून यावर निमोराझोल नावाची गोळी किरणांच्या जोडीला देतात. शेजारातल्या उणिवेची भरपाई, दुसरं काय.

हे सगळं समजून घेताना माझा एक प्रश्न राहिला होता. गाठ शेजार बिघडवते, हे कळलं. पण भाईजानचं तोंड तर गाठीच्या पंधरा वर्षं आधीपासून मिटत आलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, तिथं उलटं झालं. शेजार आधी बिघडला, गाठ नंतर आली.

या रोगाचा इतिहास आपल्याच लोकांचा आहे. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं आणि तंतूंशी जोडलेलं नाव दिलं. तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात, गाल पांढुरका आणि ताठ होतो, जबडा उघडेनासा होतो. कारण सापडत नव्हतं. पहिला संशय मिरचीवर गेला! परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं तिखट द्रव्य लावून पाहिलं. १९६० मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ऊती वाचणाऱ्या या बाईंनी १९६६ मध्ये डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्याबरोबर या रोगाचं जे वर्णन लिहिलं, ते आजही आधाराला घेतात. पुढच्या अभ्यासांत मिरची बरीचशी सुटली आणि सुपारी पकडली गेली. आमच्या घरातही तसंच झालं होतं. भाईजाननं ठेचा सोडला आणि सुपारी ठेवली.

सुपारीतलं अरेकोलिन धागे विणणाऱ्या पेशींना जास्त धागा विणायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. त्याच्या जोरावर काम करणारं एक विकर त्या धाग्यांना एकमेकांत असं गुंतवतं की शरीराला ते उसवता येत नाहीत. दोरी वळणाऱ्याच्या घरातलं उदाहरण द्यायचं तर, सुटा वाख आणि पीळ घातलेला कासरा. या जाळ्यात बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अस्तराला रक्त कमी, ऑक्सिजन कमी. आणि मग तेच हिफ. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये या रोगाच्या तुकड्यांत ते वाढलेलं दाखवलं, कर्करोग होण्याआधीच. म्हणजे गाठीला जसा मोहल्ला लागतो तसा, आंबलेला आणि कोंडलेला, सुपारी वर्षानुवर्षं आधी तयार करून ठेवते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी केरळात अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग घडवते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली दिला. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी मिळते, मागण्याची पद्धत तेवढी बदलली. आणि सुपारी तर काय, देवाच्या ताटात आहे, लग्नाच्या बोलणीत आहे, आमच्या पानदानात आहे. तिला रोगाचं नाव घ्यायला आपली जीभ वळत नाही.

डॉक्टरांनी त्या सोमवारी भाईजानचा आहार लिहून दिला. दूध, अंडं, डाळीचं घट्ट पाणी, मऊ खिचडी, खजूर दुधात वाटून, शेंगदाण्याचं कूट, आणि हवी तेवढी खीर. मी घरी येताना शेवया घेतल्या. भाभीनं पुन्हा शीरखुर्मा केला, पातळ. भाईजाननं वाटीभर घेतला, पण त्याला चव लागली नाही. किरणांनी जीभ गेली होती. "मीठा है ना?" असं त्यानंच मला विचारलं. मे महिन्यात वजन ५० वर आलं. आम्हाला बरं वाटलं. ऑक्टोबरमध्ये मानेत गाठ पुन्हा आली, आणि २०२५ च्या जानेवारीत तो गेला.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्या पथ्यानं तो लवकर गेला का. त्या म्हणाल्या, तसं सांगता येणार नाही. आजार पुढं गेलेला होता. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण ती ईद त्यांना मिळायला हवी होती, काका." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. मला ते रोज ऐकू येतं.

आता बाजारात पुतण्या बसतो. एकोणतीस वर्षांचा आहे. गेल्या गुरुवारी या भाषणाची जुळवाजुळव डोक्यात घेऊन त्याच्याकडे गेलो. बोलताना त्याच्या गालात काहीतरी होतं. मी त्याला म्हटलं, थुंक आणि तोंड उघड. डॉक्टरांनी शिकवलेली साधी खूण आहे, तुम्हीही आत्ता करून पाहू शकता. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकत्र धरून, उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालायची. बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडात ती तिन्ही जातात. जात नसतील, किंवा तिखट उगाच झोंबत असेल, तर दाताच्या डॉक्टरला दाखवायचं. तंतू पुरते परत जात नाहीत, पण सुपारी सुटली तर पुढचं बिघडणं बरंच रोखता येतं. व्यायाम आहेत, इंजेक्शनं आहेत, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून त्या गालाकडे बघत राहतं.

पुतण्यानं आधी हसण्यावारी नेलं. मग बोटं लावली. दोन गेली. तिसरं त्यानं तिरकं करून बघितलं, पुन्हा सरळ करून बघितलं. तेवढ्यात घुंगरमाळेचं गिऱ्हाईक आलं, आणि तो मला म्हणाला, "चच्चा, बाद में."

उद्या सोमवारी आम्ही दोघं शासकीय दंत महाविद्यालयात जातो आहोत. केसपेपरची रांग लवकर लागते, म्हणून आठलाच निघायचं ठरलं आहे.